लाल शाईनं खोडलेलं वाक्य

वडगाव, बेळगाव

चि. चिऊस,
अनेक आशीर्वाद.

परवा पुण्याच्या गाडीत बसताना तू मागं वळून बघितलं नाहीस. चूक माझीच. पेटी आवरताना वही हाताला लागली, तुझं अक्षर दिसलं म्हणून उघडली. एका पानावर थांबायचं, तर उभ्या उभ्या सात पानं वाचली. आत्या चहा घेऊन आली तेव्हा कळलं, मी रडतेय.

प्रत्येक पानाच्या डोक्यावर तू वेळ घातली आहेस. रात्री दीड. पावणेतीन. एकदा पहाटे चार. झोपतेस कधी गं?

चौथीतला तुझा 'पावसाळा' आठवतो? 'पाऊस येऊलाय म्हटलं की बाबा जेवत नाहीत,' असं लिहिलं होतंस. मी ते लाल शाईनं खोडलं आणि 'पाऊस सर्वांना हवाहवासा वाटतो' असं घालायला लावलं. 'येऊलाय' म्हणजे काय, असं वर्गात सगळ्यांसमोर विचारलंही. तुला बक्षीस मिळालं. आणि त्याच आठवड्यात बळ्ळारी नाल्याचं पाणी शिवारात शिरलं, लावलेलं भात आठ दिवस पाण्याखाली कुजलं. बाबा ताटावरून उठून जायचे. नऊ वर्षांच्या पोरीनं बघितलेलं खरं होतं, आणि मला ते निबंधात नको होतं. आता वहीत तेच वाक्य पुन्हा आलंय, 'येऊलाय'सकट. आणि पुढं ते ताट. गार होऊन वरून कडक झालेला भात, त्यात बाबांच्या बोटांची खूण. दुःख हा शब्द अख्ख्या पानात एकदाही नाही. असंच लिही बाळा.

सव्वीस वर्षं मी पोरांना म्हणी आणि सुविचार पेरून निबंध लिहायला शिकवलं, मी तुला काय सांगणार? तरी सांगते. वाटलं ते त्या क्षणी उतरव, पण पंधरा दिवस झाकून ठेव. मग दिवसाउजेडी वाच. स्वतःची कीव केलेली दिसली तर काट मार. स्वतःला सांभाळून घेतलेलं दिसलं तर ते पुन्हा लिही, तिथंच काहीतरी दडलेलं असतं. आणि रात्री दोनला नको गं, संध्याकाळी लिही ना.

बघ, वर्गच घ्यायला लागले. राग मानू नको.

इंदिरा संत आपल्या बेळगावातच ट्रेनिंग कॉलेजात शिकवायच्या. 1946 साली नवरा गेला, पदरात लहान मुलं. त्या दुःखातून कविता आली, 'गर्भरेशीम'ला 1984 साली साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, हे मी वर्गात कितीदा सांगितलं असेल. पण तुझी वही वाचल्यापासून मनात वेगळंच येतंय. रात्र कवितेत गेली तरी त्या बाईंना सकाळ चुकली नसणार. मुलांचे डबे, नोकरी. तुझ्या सकाळचं काय? नाश्ता तरी करतेस काय?

बाबा विहिरीतला गाळ काढायला उतरायचे तेव्हा वर दादा दोर धरून उभा असायचा. मधूनमधून हाक मारायचा, बाबा 'हां' म्हणायचे. तू लिहितेस याची मला भीती नाही. तिथं खोलीत तुला हाक मारणारं कुणी नाही, याची आहे.

आत्याला परवा मीच सांगितलं, आमची चिऊ लिहिते. आजवर 'पुण्याला नोकरीला आहे' एवढंच सांगत होते.

सोमवारी पार्सल टाकते. कुंद्याच्या डब्याखाली वही आहे. आठव्या पानावर वर 'आई' असं लिहिलंयस, तिथं मी वही मिटली. बाबा विचारत होते, माझ्याबद्दल काय लिहिलंय पोरीनं? मी काही बोलले नाही. तू हो म्हणालीस तर ताटाचं तेवढं पान त्यांना वाचून दाखवीन. नाही म्हणालीस तर नाही.

तुझी,
आई

ता. क. अकराला दिवा मालवत जा.