हरलेल्या डावातील सतराव्या खेळीबद्दल

आदरणीय काका,

सांगलीच्या खुल्या बुद्धिबळ स्पर्धेत आपण मला हरवलेत, आणि त्या डावाबद्दल मी आपले आभार मानते आहे, हे वाचून आपल्याला हसू येईल.

आपण वजिरापुढचे प्यादे दोन घरे सरकवले, मी क्वीन्स गॅम्बिट, म्हणजे सुरुवातीलाच आपण देऊ केलेले प्यादे, नाकारला, आपण डी-५ या घरावर मारामारी करून एक्स्चेंज व्हेरिएशन, म्हणजे प्याद्यांच्या अदलाबदलीचा प्रकार, निवडले आणि मग तो प्रसिद्ध संथ छळ सुरू झाला: वजिराच्या बाजूची आपली दोन प्यादी माझ्या तिघांवर चालून येणार, सी-६ वरचे प्यादे कायमचे दुबळे होणार आणि मी शेवटपर्यंत त्याची राखण करत बसणार. म्हणून आपले प्यादे बी-४ वर येताच सतराव्या खेळीत मी स्वतःच प्यादे पुढे सरकवून बी-५ खेळले. घोडा बी-६ वरून सी-४ वर रोवला की आपल्या हत्तींची उभी पट्टीच बंद होते, असा माझा हिशेब होता. तो मांडून मीच घाबरले, घोडा एफ-८ वर मागे नेला, आणि पुढचे सांगण्यासारखे नाही.

ज्या वर्गात मी लहानपणी शिकले, तेथे हरलेल्या डावाची वही लाल प्रश्नचिन्हांनी भरून परत मिळत असे. कोणती खेळी बरी होती, हे सांगण्याची तसदी कोणी घेतली नाही. मी खेळ सोडला तो कंटाळून नव्हे, त्या लाल शाईमुळे.

आपण मात्र बाहेरच्या बाकावर पट मांडलात, तोही काळ्याच्या बाजूने, आणि खेळ्या नोंदवलेल्या कागदाची माझी कार्बन प्रत मागून घेऊन सतराव्या खेळीपुढे पेन्सिलीने एक उद्गारचिन्ह, म्हणजे उत्तम खेळीची खूण, काढलेत. “ही खेळी पाहूनच मी पाणी प्यायला उठलो होतो,” एवढेच म्हणालात.

१९७२ साली आइसलँडच्या रेक्याविकमध्ये विश्वविजेतेपदाच्या लढतीत, सहाव्या डावात, याच क्वीन्स गॅम्बिटमध्ये हरलेल्या विश्वविजेत्या स्पास्कीने प्रेक्षकांबरोबर आव्हानवीर फिशरसाठी टाळ्या वाजवल्या होत्या. हरणाऱ्याच्या त्या दिलदारीचे कौतुक जगाने केले, आणि ते योग्यच आहे. पण जिंकलेल्याला हरलेल्याच्या डावात काही शोधत बसण्याची गरजही नसते, त्यामुळे आपले ते चिन्ह मला अधिक दुर्मीळ वाटते.

ती प्रत मी जपून ठेवली आहे. पुढच्या वेळी आपण पुन्हा डी-४ खेळावे, अशी विनंती आहे. घोडा या खेपेस सी-४ वरच जाईल.

आपली कृतज्ञ,
काळ्या सोंगट्यांची खेळाडू