‘द्रावणा’चं ‘समाधान’ कुणी केलं?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

एआय शिक्षक आणि मोफत ऑनलाइन अभ्यासक्रम यांवरचा कालच्या पुरवणीतला लेख दोनदा वाचला. दुसऱ्यांदा वाचताना राग आवरला नाही. लेखकाला जगातली विद्यापीठं थेट आमच्या बांधावर आलेली दिसली. मी त्याच बांधावर राहतो.

माझ्या शेजारची मुलगी नववीत आहे. दिवाळी झाली की आईबाप कोयता घेऊन ऊसतोडीला कोल्हापूरकडं जातात, ते कारखान्याचा पट्टा पडल्यावर, म्हणजे हंगाम संपल्यावरच परततात. घरातला एकुलता एक टच मोबाईल त्यांच्यासोबत फडावर जातो. पोरगी आजीपाशी राहते आणि संध्याकाळी माझ्या मोबाईलवर अभ्यास करते. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत एकतीस वर्षं विज्ञान शिकवलं, म्हणून शेजारी बसतो.

एके दिवशी मी गावाला गेलो होतो. तिनं एक इंग्रजी धडा एआयकडून मराठीत करून घेतला आणि वहीत उतरवला. ‘संतृप्त समाधान म्हणजे ज्यात आणखी मीठ विरघळत नाही.’ तेच घटक चाचणीत लिहिलं आणि दोन गुण गेले. पेपर घेऊन आली, तेव्हा ‘समाधान’ या शब्दाखाली लाल रेघ होती. म्हणाली, “गुरुजी, समाधान मनाचं असतं ना? मला वाटलं शास्त्रातबी असंल.” पुस्तकात स्वच्छ ‘संपृक्त द्रावण’ लिहिलेलं आहे. पण मोबाईल चुकत नाही, असं तिला कुणीतरी सांगून ठेवलंय. मी पितळी पेल्यात पाणी घेतलं, मीठ टाकत ढवळत राहिलो. शेवटी तळाशी मीठ उरलं, तेव्हा तिच्या डोक्यात उजेड पडला.

यात त्या पोरीची चूक नाही. हे यंत्र अफाट मजकूर वाचून पुढचा शब्द कोणता येईल याचा अंदाज बांधत जातं. त्या मजकुरात इंग्रजीचा डोंगर आणि मराठीची ओंजळभर. शेजारी त्याच लिपीतली हिंदी, ती मधेच घुसते. इंग्रजी ‘सोल्यूशन’ म्हणजे द्रावणही आणि प्रश्नाचं उत्तरही; त्या दुसऱ्या अर्थाला हिंदीत ‘समाधान’ म्हणतात, तेच इथं आलं. भाषा संचालनालयाचे परिभाषा कोश आहेत, बालभारतीची पुस्तकं पीडीएफमध्ये आहेत. ‘द्रावण’ हा शब्द शोधायला लांब जायला नको होतं.

अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठानं आपले अभ्यासक्रम सगळ्यांना खुले करायचं 2001 मध्ये जाहीर केलं. 2002 मध्ये युनेस्कोच्या बैठकीत ‘मुक्त शैक्षणिक साधनं’ ही कल्पना मांडली गेली. आपल्याकडं 2003 पासून आयआयटींच्या ऑनलाइन व्याख्यानांचं एनपीटीईएल आहे, 2017 पासून केंद्र सरकारचं ऑनलाइन अभ्यासक्रमांचं स्वयम् आहे. चांगलंच झालं. पण मुक्त म्हणजे नुसतं फुकट नव्हे. धडा उतरवून घेता यावा, आपल्या भाषेत दुरुस्त करता यावा, पुन्हा वाटता यावा, हा त्याचा अर्थ. बालभारतीच्या पुस्तकावर मात्र अजून ‘सर्व हक्क मंडळाकडे’ छापलेलं असतं. शाळामास्तरांना मराठी धडे तपासायला, सुधारायला द्या. रेंज नसताना चालतील असे उतरवून घेता येऊ द्या. फडावर पाल ठोकून राहणाऱ्या पोरांना तेच लागतं.

मी एआयच्या विरोधात नाही. वर्गात सगळ्यांपुढं विचारायला लाजते ते ही पोरगी रात्री मोबाईलला बिनधास्त विचारते, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. म्हणून तर उत्तर बरोबर यायला पाहिजे. शहरातल्या पोराला चूक कळली तर क्लासचे सर आहेत. हिला कोण आहे?

जाता जाता आणखी एक. तुमच्याच अंकात हल्ली रोज ‘धक्कादायक खुलासा’ असतो. मराठीत खुलासा म्हणजे स्पष्टीकरण. गुपित उघड होणं नव्हे. तीही हिंदीच घुसलेली. तुम्ही छापता तेच उद्या यंत्र वाचणार आणि आमच्या पोरांना शिकवणार. तेवढा शब्द उद्यापासून बदला, ही विनंती.

कळावे,
आपला,
एक निवृत्त विज्ञान शिक्षक
केज तालुका, जि. बीड