औषधाच्या स्फटिकांसाठी एक यंत्र द्या : उद्योगमंत्र्यांना खुले पत्र

मा. उद्योगमंत्री, महाराष्ट्र राज्य,

सा. न. वि. वि.

मी नाशिकमधल्या सातपूरच्या एका लहान औषध कारखान्यात फॉर्म्युलेशनचं, म्हणजे औषधाची गोळी-कॅप्सूल बनवण्याचं, काम करतो. आमच्या उद्योगाला काय हवं, असं विचारलं की बोलणं जमीन, वीज आणि सांडपाण्यापुढे जात नाही. मला मात्र एक यंत्र मागायचं आहे : पावडर एक्सरे डिफ्रॅक्टोमीटर, म्हणजे भुकटीवर एक्सरे टाकून तिच्या स्फटिकांची रचना ओळखणारं यंत्र.

गोळीत औषध किती मिलिग्रॅम आहे, हे आमची एचपीएलसी (द्रावणातले घटक वेगळे करून मोजणारी यंत्रणा) चोख सांगते. पण त्याचे रेणू कोणत्या रचनेत बसलेत हे तिला कळत नाही, कारण नमुना विरघळवूनच तिच्यात घालावा लागतो. आणि खरी गोम त्या रचनेतच असते. एड्सवरचं रिटोनाविर १९९६ मध्ये बाजारात आलं. १९९८ मध्ये त्याच्या कॅप्सूलमध्ये आधी कुणी न पाहिलेलं, फारच कमी विरघळणारं स्फटिकरूप निघालं. ॲबटसारख्या मातब्बर कंपनीलाही कॅप्सूल थांबवाव्या लागल्या, रुग्णांना वाईट चवीच्या पातळ औषधावर भागवावं लागलं.

आपल्याकडे तर वर पावसाळा. फेफऱ्यावरचं कार्बामॅझेपिन दमट हवेत पाणी धरून डायहायड्रेट (पाण्याचे रेणू सामावलेलं स्फटिकरूप) होतं, गोळी कडक होते आणि नीट विरघळत नाही. वेट ग्रॅन्युलेशनमध्येही (भुकटी ओली करून दाणे बनवताना) कधी कधी रूप बदलतं. डिझोल्यूशनमध्ये (गोळी किती विरघळते या चाचणीत) बॅच फेल झाली की आम्हाला काहीतरी बिनसल्याचं समजतं. काय बिनसलं ते शोधायला नमुना बाहेरगावी पाठवायचा आणि वाट पाहत बसायचं.

रूप बदललं की विरघळणं बदलतं, याच गुणाचा फायदाही घेता येतो. कमी विरघळणाऱ्या औषधाला निरुपद्रवी जोडीदार रेणू देऊन को-क्रिस्टल, म्हणजे दोघांचा मिळून एक स्फटिक, बनवतात. कमकुवत हृदयासाठीचं सॅक्युबिट्रिल-वल्सार्टन अमेरिकेत २०१५ मध्ये मंजूर झालं. त्यात दोन्ही औषधं एकाच स्फटिकात आहेत.

‘पेटंट कायद्याच्या कलम ३(ड) मुळे नव्या रूपाला पेटंट मिळत नाही, मग खटाटोप कशाला?’ असं आमच्यातलेच काही म्हणतात. मला ते पटत नाही. रक्ताच्या कर्करोगावरच्या इमॅटिनिबच्या ‘बीटा’ नावाच्या स्फटिकरूपावर सर्वोच्च न्यायालयाने १ एप्रिल २०१३ रोजी नोव्हार्टिस कंपनीला पेटंट नाकारलं, ते योग्यच झालं. उपचाराचा गुण वाढल्याचं दाखवल्याशिवाय मक्तेदारी नाही, एवढंच कायदा म्हणतो. चांगलं रूप बनवायला त्याने कुणाला अडवलेलं नाही. उलट आमच्यासारख्या लहानांना त्यातच वाव आहे.

नाशिकमध्येच अंबडला इंजिनिअरिंग क्लस्टर (कारखान्यांसाठी सामायिक सुविधा केंद्र) उभं राहिलं, तशीच औषधांसाठी सामायिक प्रयोगशाळा हवी. डिफ्रॅक्टोमीटर, सोबत डीएससी (तापवताना पदार्थ कधी वितळतो-बदलतो ते मोजणारं यंत्र), औषध किती टिकतं ते पाहायला आर्द्रता सांभाळणाऱ्या स्टॅबिलिटी चेंबर, आणि मुख्य म्हणजे आलेख वाचता येणारा कायमचा माणूस. नाहीतर यंत्र येतं, फीत कापली जाते आणि वर्षभरात त्यावर कापड पडतं. फार्मसी कॉलेजांतल्या एम. फार्म.च्या मुलांना तिथे सवलतीत काम करू द्यावं. आम्ही कारखानदार नमुन्यामागे रास्त शुल्क भरू, फुकट काही नको.

जागेचा आणि माणसाच्या पगाराचा निर्णय तेवढा आपल्या खात्याने घ्यावा.

आपला,
सातपूर औद्योगिक वसाहतीतील एक फार्मासिस्ट, नाशिक