‘तू लक्ष देऊ नकोस’ पुरेसं नाही : शिक्षणमंत्र्यांना खुले पत्र

माननीय शिक्षणमंत्री,

सविनय नमस्कार.

मला जन्मापासून ट्रेचर कॉलिन्स सिंड्रोम आहे. साधारण ५० हजार जन्मांमागे एखाद्या बाळात आढळणारा हा जनुकीय विकार. गर्भाच्या पहिल्या दोनेक महिन्यांत चेहऱ्याची हाडं ज्या पेशींपासून घडतात, त्या पुरेशा तयारच होत नाहीत. त्यामुळे माझ्या गालांची हाडं जवळजवळ नाहीत, हनुवटी आत गेलेली आहे, डोळे बाहेरच्या बाजूला उतरते आहेत, कान अर्धवट आहेत आणि कानांची भोकं बंद. आईनं गरोदरपणात काही केलं किंवा केलं नाही म्हणून हे होत नाही. निम्म्याहून अधिक रुग्णांमध्ये घराण्यात कुणालाच नसताना हा बदल पहिल्यांदा होतो. हे मुद्दाम लिहिते आहे, कारण शाळेच्या फाटकाशी माझ्या आईला ‘गरोदरपणात काही केलं होतंत का?’ हा प्रश्न वर्षानुवर्षं विचारला गेला, आणि विचारणाऱ्यांत शिक्षकही होते. या विकाराचा बुद्धीवर सहसा परिणाम होत नाही. हेही मुद्दामच लिहिते आहे.

पण आजाराबद्दल माझी आपल्याकडे तक्रार नाही. त्याचं डॉक्टर बघतात. शाळेत माझ्यासारख्या मुलांचा जो छळ होतो, तो थांबवणं आपल्या खात्याचं काम आहे, म्हणून हे पत्र.

माझा आतला कान शाबूत आहे, फक्त तिथवर आवाज पोचायची वाट बंद आहे. म्हणून लहानपणी डोक्याभोवती एक पट्टा असायचा. त्यातलं यंत्र कानामागच्या हाडावर टेकायचं आणि हाडातून कंपनं आत पोचवायचं. डॉक्टरांनी लिहून दिलं होतं, ‘पहिल्या बाकावर बसवावे.’ सल्ला योग्यच होता. फळा दिसतो, बाईंचे ओठ दिसतात. पण पहिल्या बाकावर बसलं की अख्खा वर्ग पाठीमागे असतो, हे त्या चिठ्ठीत नव्हतं. त्यातून एकच यंत्र असलं की आवाज कुठून आला ते नीट कळत नाही. मागून कुणी हाक मारली की मी भलतीकडे वळायची. मग तोच खेळ होऊन बसला. हाक मारायची, मी चुकीच्या बाजूला बघितलं की खिदळायचं, पुन्हा हाक. कंटाळा आला की पट्टा मागून ताणून सोडायचा. यंत्र जागचं सरकलं की शिट्टी वाजते. शिट्टी वाजली की बाई फळ्याकडून वळून म्हणायच्या, “आधी ते बंद कर पाहू.” मी बंद करायची. पुढचा तास मला ऐकू यायचा नाही.

मंत्रिमहोदय, छळानं मुलाच्या मनाला काय होतं यावर पुष्कळ लिहिलं गेलंय. माझा मुद्दा त्याहून रुक्ष आहे. माझा तास बुडत होता. चिडवाचिडवी हा शिक्षणाच्या बाहेरचा, समुपदेशकाकडे सोपवायचा विषय आहे असं आपल्या खात्याला वाटत असेल, तर त्या शिट्टीचा विचार करावा.

तक्रार केली की मिळणारी उत्तरं ठरलेली असायची. ‘तू लक्ष देऊ नकोस.’ ‘मुलं आहेत, चालायचंच.’ आणि सगळ्यात मायेनं दिलेलं, म्हणून सगळ्यात वाईट उत्तर: ‘मधल्या सुट्टीत तिला शिक्षकांच्या खोलीत बसू दे.’ म्हणजे त्रास देणारे मैदानात आणि मी आत. कुणाच्या मनात वाईट नव्हतं, पण शिक्षा मात्र मलाच झाली.

मोठी झाल्यावर मी याबद्दल जाहीरपणे बोलायला लागले. आता फेब्रुवारीच्या शेवटच्या दिवशी, दुर्मिळ आजार दिनाला, शाळा मला बोलावतात. हा दिवस २००८पासून पाळला जातो. मी बोलते, टाळ्या पडतात, कुणीतरी मला जिद्दीची मूर्ती वगैरे म्हणतं. (मी हिशेब तपासण्याची नोकरी करते. जिद्द लागते ती मार्चअखेरीस.) कार्यक्रम झाल्यावर मी मुख्याध्यापकांना विचारते, ‘मागच्या वर्षी चिडवण्याच्या किती तक्रारी आल्या, त्यांचं काय झालं?’ नोंद कुठेच नसते. ‘आमच्याकडे तसं काही नाही,’ असं मात्र ठामपणे सांगितलं जातं.

युनेस्कोच्या २०१९च्या अहवालानुसार जगातल्या जवळजवळ तीनपैकी एका विद्यार्थ्याला महिनाभरात एकदा तरी बरोबरीच्या मुलांकडून असा त्रास झालेला असतो, आणि त्यासाठी सर्वाधिक वेळा निमित्त ठरतं ते दिसणं. तेव्हा ‘आमच्याकडे नाही’ याचा अर्थ एवढाच, की कुणी विचारलेलं नाही.

हे सुटू शकतं. नॉर्वेत १९८२मध्ये तीन मुलांनी जीव दिल्यानंतर तिथल्या शिक्षण मंत्रालयाला जाग आली आणि १९८३मध्ये शाळांतल्या छळाविरुद्ध देशभर मोहीम सुरू झाली. डॅन ऑल्वेयस या मानसशास्त्रज्ञाचं काम त्यातून पुढे आलं. फिनलंडमध्ये तुर्कू विद्यापीठानं सरकारी पैशातून ‘किवा’ हा कार्यक्रम तयार केला. त्यात भर आहे तो बघणाऱ्यांवर. चिडवणाऱ्याला प्रेक्षक लागतात. हसणाऱ्या वीस जणांपैकी तिघंचौघं हसेनाशी झाली, एखाद्यानं ‘पुरे रे’ म्हटलं, की मजा जाते. माझ्या वर्गातही पट्टा ओढणारे दोघंच होते. बाकीचा वर्ग हसत होता, आणि त्यांच्याशी कुणी कधी एक शब्द बोललं नाही.

त्या दोघांना शाळेतून काढावं असं मला तेव्हाही वाटलं नव्हतं, आजही वाटत नाही. मला हवं आहे ते कागदावरचं आणि कंटाळवाणं आहे. प्रत्येक तक्रार लेखी नोंदवली जावी, तिचं काय केलं ते ठरावीक मुदतीत पालकांना कळवलं जावं. श्रवणयंत्र, चष्मा, कुबडी, चाकाची खुर्ची यांना हात लावणं म्हणजे मुलाच्या अंगाला हात लावणं, हे नियमातच असावं, म्हणजे ‘खोडी’ म्हणून ते सोडून देता येणार नाही. जागा बदलायची, बाहेर बसायचं, तर ते त्रास देणाऱ्यानं. मोबाइलच्या ग्रुपवर कुणाच्या चेहऱ्याचं चित्र फिरलं, तर ‘ते शाळेबाहेर घडलं’ हे उत्तर चालू नये, कारण ते चित्र सकाळी मुलाच्या आधी वर्गात पोचलेलं असतं. आणि नवा विद्यार्थी येण्याआधी शिक्षकांना त्याच्या विकाराची माहिती हवी. वर्गाला काय सांगायचं, मुळात सांगायचं का, हे मात्र ते मूल आणि त्याचे आईवडील ठरवतील.

संयुक्त राष्ट्रांची बालहक्क संहिता १९८९ची आहे. तिच्या १९व्या कलमात मुलाला शारीरिक आणि मानसिक हिंसेपासून जपण्याची जबाबदारी शासनावर टाकली आहे. मी नवीन काही मागत नाही.

यावर नियमावली करायचं ठरलं, तर मसुदा आधी आम्हाला दाखवा. समितीत डॉक्टर आणि अधिकारी असतीलच. अशा विकारांसह वाढलेली मोठी माणसं आणि आज शाळेत शिकणारी एकदोन मुलंही असू द्या. मला बोलावलंत तर एकच सोय करावी: एका वेळी एकानंच बोलावं, आणि माझ्याकडे तोंड करून.

आपली विश्वासू,
ट्रेचर कॉलिन्स सिंड्रोम असलेली एक नागरिक