बुलेटवरून मातीत उतरण्याआधी

पुणे

तीर्थरूप आई-बाबांस,
शि. सा. नमस्कार.

बाबा, "एवढी वर्षं गाडी चालवतोय, मातीत चालवायला वेगळं काय शिकायचं?" असं तुम्ही फोनवर विचारलंत. त्याचं उत्तर दोन वाक्यांत होत नाही, म्हणून सविस्तर लिहिते. आई, हे तूही वाच. यातलं निम्मं तुझ्याच कामाचं आहे.

आधी गाडी. बुलेट १९५ किलोची. तुमच्या मनात असलेली रॉयल एनफिल्डचीच हिमालयन ४५० साधारण १९६ किलोची, म्हणजे वजनात काहीच हलकं झालं नाही. डांबरावर वजन जाणवत नाही, पण मातीत गाडी आडवी होतेच आणि ती आपल्यालाच उचलावी लागते. साठीनंतर पहिला निकष ताकद नाही, कमी वजन. हीरोची एक्सपल्स २०० फोरव्ही १६० किलोच्या आतबाहेर आहे, सीटची उंची ८२५ मिलिमीटर, पुढचं चाक २१ इंची. तिचं 'प्रो' मॉडेल मात्र नको, त्याची सीट ८९१ वर जाते. दोन्ही पायांचे चवडे टेकले पाहिजेत, यावर तडजोड नाही.

गाडीच्या आधी बूट घ्या. मोटोक्रॉसचे, नडगीपर्यंतचे, कडक तळव्याचे. गाडी कडेला कलली की माणूस सवयीने पाय टेकवतो, घोटा खाली सापडतो आणि वर दीडशे किलो येतात. ट्रेकिंगचे बूट तिथे निरुपयोगी. त्यानंतर गुडघ्याचे गार्ड, मग छातीचं आणि पाठीचं चिलखत. आई, पैसे वाचवायचेच तर जॅकेटच्या रंगरूपात वाचवायला लाव, बुटांत नाही.

गाडी आली की हँडल असं फिरवून घ्या की चालत्या गाडीवर उभं राहिल्यावर कंबरेत वाकावं लागू नये. क्लच-ब्रेकचे लिव्हर थोडे खाली झुकवा. त्यांचे क्लॅम्प करकचून आवळू नका. गाडी पडली तर लिव्हर फिरेल, तुटणार नाही. हँडगार्ड आतून धातूची पट्टी असलेलेच बसवा, आणि इंजिनखाली जाड पत्रा हवाच. आपल्याकडचा काळा दगड टोकदार असतो, ऑइल चेंबरला भोक पडलं की गाडी टेम्पोतूनच घरी येते.

टायरमधली हवा डांबरासाठी कंपनीने सांगितलेली. मातीत पुढे-मागे १८ ते २० पीएसआय. ट्यूबचे टायर आहेत, त्यामुळे दगडांवर याहून खाली गेलात तर ट्यूब रिम आणि दगडात चिमटून फुटते. हातपंप आणि प्रेशर गेज पिशवीत कायम ठेवा. परतताना डांबरावर चढण्याआधी हवा भरायचीच.

सराव मामांच्या दिंडोरीच्या शेतात, द्राक्षबागेशेजारच्या पडीक तुकड्यावर करा. पहिले काही आठवडे फक्त उभं राहून, पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये. चवडे फूटपेगवर (पाय ठेवायच्या दांड्यावर), गुडघे टाकीला, कोपरं बाहेर, नजर पुढच्या चाकावर नाही तर पंधरा-वीस मीटर पुढे. हँडल घट्ट धरलंत की खड्ड्याचा प्रत्येक दणका खांद्यात येतो. वजन पायांनी पेला.

खरी पंचाईत वळणात. डांबरावर तुम्ही गाडीबरोबर आत झुकता. मातीत गाडी आत झुकवायची आणि अंग सरळ ठेवायचं. बाहेरच्या फूटपेगवर भार द्यायचा, म्हणजे टायर मातीत दाबला जातो. जुन्या सवयीने अंग आत गेलं की पुढचं चाक निसटतं, आणि हे इतकं पटकन होतं की सावरायला वेळच मिळत नाही. म्हणून आठच्या आकड्यात, चालण्याच्या वेगाने, दोन्ही बाजूंना घोटून घ्या. बहुतेकांचं उजवं वळण कच्चं असतं.

पुढचा ब्रेक सोडायचा नाही, पण दोन बोटांनी, हळूहळू आणि हँडल सरळ असतानाच. एक्सपल्सला एबीएस, म्हणजे ब्रेक दाबल्यावर चाक जाम होऊ न देणारी सोय, फक्त पुढे आहे, म्हणून मागचं चाक मुद्दाम घसरवून पाहा, म्हणजे त्याची भीती जाते. उतारावर पहिला गिअर, क्लच सोडलेला, वजन मागे. क्लच दाबला की इंजिनाची पकड गेली आणि गाडी सुसाट सुटली. चढावर गाडी बंद पडली तर क्लच सोडून गाडी गिअरमध्येच राहू द्या, पुढचा ब्रेक धरा आणि वरच्या अंगाला आडवी करा. खालच्या अंगाला पडलेली गाडी एकट्याला उठत नाही.

उचलायची रीत अशी. किल स्विच (हँडलवरचं इंजिन बंद करायचं बटण) बंद, गाडी पहिल्या गिअरमध्ये. उजवीकडे पडली असेल तर आधी साइडस्टँड उघडून ठेवा. हँडल पडलेल्या बाजूला पूर्ण वळवा, सीटला पाठ लावून बसल्यासारखं टेका, एका हातात हँडल, दुसऱ्यात फ्रेम, आणि पायांनी मागे रेटत चला. कंबरेने ओढलीत तर मणका धरेल. उठल्यावर इग्निशन एकदा बंद करून मगच स्टार्टर दाबा.

पाऊस संपल्यावर लगेच निघू नका. काळी माती टायर आणि मडगार्डमध्ये भरते आणि चाक थांबतं. मुरमाची वाट लवकर वाळते. ऑक्टोबर ते फेब्रुवारी हाच आपला हंगाम. पेठ-हरसूलकडच्या गाववाटा बऱ्या, पण अंजनेरी आणि बोरगड ही राखीव क्षेत्रं आहेत, तिथे गाडी घालायची नाही. ओढा पार करण्याआधी पायी उतरून पाहा. पाणी गुडघ्यावर असेल तर मागे फिरा.

आता वयाचं. तुमच्या प्रोग्रेसिव्ह चष्म्याच्या खालच्या भागातून जमीन धूसर दिसते आणि मातीत नेमकं तिथेच बघावं लागतं. फक्त दूरच्या नंबरचा वेगळा चष्मा करा, गॉगलखाली मावेल असा. रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे हे डॉक्टरांना नीट सांगून विचारा, साध्या मुक्या मारातही आत रक्तस्राव होऊ शकतो. बीपीच्या गोळीने लघवी जास्त होत असेल तर पाणी कमी पडतं. पाठीवर दोन लिटरची पिशवी ठेवा आणि आठवणीने प्या. आई, एकट्याने जाऊ देऊ नकोस. कमीत कमी दोन गाड्या, आणि कुठल्या वाटेने गेले ते कागदावर लिहिलेलं तुझ्याकडे हवं, कारण हरसूलच्या आत फोन लागेलच असं नाही. अपघातात १०८.

एक काम लगेच करा. भिंतीला टेकून, अनवाणी उभे राहा आणि आईकडून जांघेपासून टाचेपर्यंत माप घेऊन कळवा. माप कमी पडलं तर सीटचा फोम तासून घेऊ. मागच्या शॉक अब्सॉर्बरची लिंक (जोडपट्टी) बदलून गाडी खाली करायला कुणी सांगितलं तर नाही म्हणा, त्याने जमिनीपासूनची उंची जाते आणि पत्रा प्रत्येक दगडाला लागतो.

तुमची,
मीनल