कोअर आठ, आकारणी सोळांची

मा. संपादक,

भोसरी-चाकण पट्ट्यातील लहान कारखान्यांच्या सर्व्हरची देखभाल हा माझा व्यवसाय आहे. एकाच यंत्रावर टॅली, हजेरी आणि ड्रॉइंगचा साठा असे वेगवेगळे आभासी सर्व्हर (म्हणजे सॉफ्टवेअरने एकाच यंत्राचे पाडलेले स्वतंत्र भाग) चालवण्याची सवय आम्हाला व्हीएमवेअर कंपनीच्या सॉफ्टवेअरने लावली, आणि ते काम त्याने चोख केले, हे आधीच सांगून टाकतो.

ब्रॉडकॉम या अमेरिकी कंपनीने नोव्हेंबर २०२३ मध्ये व्हीएमवेअर ताब्यात घेतली आणि पुढच्याच महिन्यात कायमस्वरूपी परवान्यांची विक्री थांबवली. आता वर्गणी भरावी लागते, तीही कोअर (प्रोसेसरमधील प्रत्यक्ष काम करणारे भाग) मोजून आणि प्रत्येक प्रोसेसरमागे किमान १६ कोअर धरून. आमच्याकडे सर्रास दिसणाऱ्या, आठ कोअरचे दोन प्रोसेसर असलेल्या सर्व्हरमध्ये प्रत्यक्षात १६ कोअर असतात. आकारणी मात्र ३२ कोअरची होते. हा हिशेब ऐकून एका कारखानदारांनी मला विचारले, "अहो, चार खोल्यांच्या घराला आठ खोल्यांची घरपट्टी का?"

फेब्रुवारी २०२४ मध्ये बंद झालेली ईएसएक्सआय या व्हीएमवेअरच्या मूळ सॉफ्टवेअरची मोफत आवृत्ती एप्रिल २०२५ मध्ये परत आली खरी. पण तीत एका आभासी यंत्राला आठच आभासी प्रोसेसर देता येतात आणि नेहमीच्या बॅकअप सॉफ्टवेअरला तिच्याशी थेट जोडून घेता येत नाही. म्हणजे शनिवारी पाळी सुटल्यावर यंत्र बंद करून फाइल हाताने उतरवून घेणे आले.

२००७ पासून लिनक्स या मुक्त संगणक-प्रणालीच्या गाभ्यात असलेले केव्हीएम आणि त्यावर उभे असलेले प्रॉक्समॉक्स, ही आभासी सर्व्हर चालवणारीच सॉफ्टवेअर, हा पर्याय मोफत आहे. मदतीसाठी वर्गणी घ्यायचीच झाली, तर ती कोअरवर नव्हे, प्रोसेसरच्या संख्येवर ठरते. मात्र जुने विंडोज सर्व्हर तिकडे नेताना डिस्कचे ड्रायव्हर (डिस्क ओळखणारी छोटी सॉफ्टवेअर) आधी बसवले नाहीत, तर ते अनेकदा सुरूच होत नाहीत. ही कामे सरावाने जमतात, पण व्हीएमवेअरच्या वर्गणीची मुदत संपायला आठ दिवस उरले असताना विक्रेत्याने नव्या दराचे कोटेशन हातात ठेवले, की सरावाला वेळच उरत नाही.

म्हणून येथील उद्योजक संघटनांना विनंती आहे, की प्रत्यक्ष कोअर किती, आकारणी किती कोअरची आणि नूतनीकरणाचा दर काय, हे तिन्ही आकडे मुदतीच्या किमान तीन महिने आधी लेखी देण्याची अट त्यांनी आपल्या सभासदांच्या खरेदी-करारात घालायला लावावी.

— एक वाचक, भोसरी, पुणे