आठव्या बोल्टसाठी थँक यू, काका

काका, खरं तर हे तुम्हाला समोर बसून सांगायला हवं होतं, पण तुम्ही दुरुस्त केलेला ड्रम न्यायला आले तेव्हा माझ्या तोंडून "छान झालाय हो" याच्यापुढे काही निघालंच नाही, म्हणून आता सगळ्यांसमोर लिहितेय.

ड्रम बाबांचा. 1960च्या दशकातला 14 इंची स्नेअर, मेपल-पॉपलर-मेपल अशा लाकडाच्या तीन थरांचा शेल, म्हणजे ड्रमचा गोल सांगाडा. वरचं प्लास्टिकचं रॅप आकसून सांध्यावर तडकलेलं, आणि ते मी स्वतः काढायला गेले (नको तो शहाणपणा) तर खालच्या मेपलचे पोपडेच सोबत निघून आले. तुमच्याआधी दोघांना दाखवला होता. पहिल्याने हातात न घेताच सांगितलं, यात काही अर्थ नाही, नवीन घ्या. दुसऱ्याने पैसे आधी घेतले आणि जुना थर न घासता त्याच्यावरच 0.6 मिलीमीटरचं व्हेनियर, म्हणजे लाकडाचा पातळ पापुद्रा, थापून दिलं. घरी येऊन हेड (वाजवायचा पडदा) बसवायला गेले तर बसेचना, बसणार कसं, दोन्ही बाजूंनी 0.6 म्हणजे व्यास 1.2 मिलीमीटरने वाढला की! वर आठवड्याभरात फुगे, आणि सांधा बरोब्बर समोर, नाकावर. विचारलं तर म्हणे जुन्या लाकडाचं असंच असतं. म्हणजे दोष लाकडाचा!

तुम्ही ते सगळं उतरवून शेल मापात आणलात, 44 इंचांच्या घेरात सांधा कुठेय ते मला अजून बॅजच्या, म्हणजे कंपनीच्या बिल्ल्याच्या, मागे बोट फिरवून शोधावं लागतं, हेड आता अलगद बसतं. पण काका, मी लिहितेय ते त्यासाठी नाही.

तुमचा तो फोन आठवतो? "ताई, यातला एक बोल्ट वेगळा आहे, ड्रम-कीने फिरत नाही, पाना लागतो. आतला नटपण त्याच मापाचा बसवलाय कुणीतरी. बदलू का राहू दे?" तो बाबांनी बसवलेला. मूळचा कधीतरी तुटला आणि त्यांनी साधा षटकोनी डोक्याचा बोल्ट घालून काम भागवलं, मग हेड ताणताना कायम सात बोल्ट कीने, म्हणजे ड्रमच्या छोट्या चावीने, आणि आठव्यासाठी खिशातून पाना. मला फोनवर बोलताच येईना. तुम्ही "हॅलो, हॅलो" केलं नाहीत, काय झालं विचारलं नाहीत, बराच वेळ नुसते थांबलात आणि मग म्हणालात, "राहू दे मग."

दुसऱ्या कुणी तो भंगारात टाकून नवा चकचकीत लावला असता आणि मला वर ऐकवलंही असतं की बघा फ्री करून दिला. वस्तू हातात आल्यावर ती आधी कुणाची तरी आहे हे ज्याला कळतं, त्याच्याकडे हत्यारं कमी असली तरी चालतील असं मला आता वाटायला लागलंय. अशी माणसं गाजावाजा करत नाहीत त्यामुळे सापडतही नाहीत, दोन ठिकाणी ठेच लागल्यावर तुम्ही सापडलात.

काल ट्यून करायला बसले. सात बोल्ट लखलखीत, आठवा नुसता पुसून तेल दिलेला, डोक्यावरचे पान्याचे ओरखडे तसेच. पाना काही केल्या सापडेना, शेवटी बाबांच्या स्टिक बॅगच्या तळाशी मिळाला.